शार्लोट सालोमनची चित्रे आणि आपल्या वसतिगृहातील मुले

आंबेडकरी चळवळीने महाराष्ट्राला जलसा दिला, कविता दिली, आत्मकथन दिले. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले आणि त्यानंतर आपल्या लेखकांनी भूक, उष्टे, शिवी, मार हे सारे न लाजता कागदावर मांडले. ज्या गोष्टींची आपल्याला लाज वाटावी अशी व्यवस्थेची इच्छा होती, त्याच गोष्टी चारचौघांत सांगून त्यांनी व्यवस्थेला खाली मान घालायला लावली. परंतु एक विषय त्या मानाने मागे राहिला. तो म्हणजे मनाचे दुखणे. पोटाची भूक सांगताना आपण लाजलो नाही. झोप येत नाही, जगावेसे वाटत नाही, कोणाशी बोलावेसे वाटत नाही, हे सांगताना मात्र आपला शिकलेला मुलगाही आजही अडखळतो. घरातले म्हणतात, कोणाला सांगू नकोस. कार्यकर्ते म्हणतात, रडायचे नाही, लढायचे.

या संदर्भात एका चित्रकार विद्यार्थिनीची ओळख आपल्या वाचकांना करून द्यावीशी वाटते. ती भारतीय नव्हती. ती बर्लिनची ज्यू मुलगी होती. तिचे नाव शार्लोट सालोमन. जन्म १६ एप्रिल १९१७, मृत्यू ऑक्टोबर १९४३, आउशवित्झच्या मृत्युछावणीत. वय अवघे २६. या मुलीने सुमारे दीड-दोन वर्षांत तेराशेहून अधिक चित्रे रंगवली आणि त्यांतून निवडलेल्या ७६९ चित्रांचे एक सलग आत्मकथन उभे केले. ती कोण आहे, तिच्यावर कोणाची सत्ता चालते, आणि तिच्या घरातली माणसे जगणे का नाकारत गेली, असे तीन प्रश्न त्या चित्रांत आहेत. हेच तीन प्रश्न आज आपल्या वसतिगृहांच्या खोल्यांतही उभे आहेत.

टक्केवारीचे दार

हिटलर जानेवारी १९३३ मध्ये सत्तेवर आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जर्मनीत शाळा-महाविद्यालयांतील 'गर्दी' कमी करण्याच्या नावाखाली एक कायदा झाला. नव्या प्रवेशांत ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण दीड टक्क्यापेक्षा जास्त असता कामा नये, असे ठरले. वरवर पाहता हा शैक्षणिक निर्णय. प्रत्यक्षात तो एका समाजाला ज्ञानापासून तोडण्याचा डाव होता. आपल्या वाचकांना हा डाव वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

शार्लोटने त्याच वर्षी शाळा सोडली. वर्गातील अपमान तिला असह्य झाले होते. तिचे वडील आल्बर्ट सालोमन नामांकित शल्यचिकित्सक. स्तनाच्या कर्करोगाचे क्ष-किरणांनी निदान करण्यासंबंधी जगात पहिल्यांदा संशोधन करणाऱ्यांपैकी ते एक होते. पहिल्या महायुद्धात ते जर्मनीच्या बाजूने आघाडीवर गेले होते. आघाडीवर लढलेल्यांच्या मुलांना त्या कायद्यात थोडी सूट होती. त्या फटीतून शार्लोटला १९३६ च्या सुमारास बर्लिनच्या शासकीय कला अकादमीत प्रवेश मिळाला. प्रवेश देताना निवड समितीने नोंद काय केली, तर ही मुलगी इतकी अबोल आणि संकोची आहे की 'आर्य' मुलांना तिच्यापासून धोका नाही! म्हणजे तिची चित्रे चांगली आहेत एवढे पुरेसे नव्हते. ती मान खाली घालून बसेल याची हमी हवी होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आरक्षणाचे विरोधक 'टक्केवारी' हा शब्द उच्चारतात तेव्हा ते दोन अगदी उलट्या गोष्टी एकाच तागडीत टाकतात. नाझींची टक्केवारी ही कमाल मर्यादा होती. याच्यापुढे एकही ज्यू आत येणार नाही, असे ती सांगत होती. बाबासाहेबांच्या संविधानातील आरक्षण हे प्रतिनिधित्वाची खात्री आहे. त्यातून समाजाला आत येण्याची वाट मिळते. एका टक्केवारीने दार लावले, दुसरीने उघडले. मात्र आत गेलेल्या विद्यार्थ्याला 'तू येथे आमच्या मेहेरबानीने आहेस' असे रोज सुचवण्याची रीत दोन्हीकडे सारखीच दिसते. शार्लोटने अकादमीच्या एका स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला. पण ज्यू मुलीला व्यासपीठावर बोलावणे शक्य नाही म्हणून बक्षीस दुसऱ्याच मुलीला देण्यात आले. त्यानंतर तिने अकादमी सोडली. तिचे शिक्षण तेथेच थांबले. ती विद्यार्थिनी मात्र शेवटपर्यंत राहिली.

घरातले गुपित

बाहेर ही स्थिती असताना घरात आणखी एक अंधार होता. शार्लोट आठ वर्षांची असताना, १९२६ मध्ये, तिची आई वारली. मुलीला सांगण्यात आले, आई फ्लूने गेली. प्रत्यक्षात आईने आत्महत्या केली होती. त्याआधी १९१३ मध्ये आईच्या बहिणीनेही स्वतःचे जीवन संपवले होते. तिचेही नाव शार्लोटच होते आणि त्या मृत मावशीचेच नाव या मुलीला ठेवले होते. आईच्या माहेरच्या घराण्यात अशा आणखी काही घटना घडल्या होत्या. घरातील सर्वांना हे ठाऊक होते. जिच्या वाट्याला हा वारसा येणार होता, तिला तेवढे ठाऊक नव्हते.

यात एक भयंकर भर होती. १४ जुलै १९३३ रोजी नाझी राजवटीने आनुवंशिक आजाराची संतती रोखण्याचा कायदा केला. स्किझोफ्रेनिया आणि उन्माद-अवसादाचा मनोविकार यांचा त्या यादीत समावेश होता. या कायद्याखाली सुमारे चार लाख माणसांची सक्तीने नसबंदी करण्यात आली. म्हणजे त्या राज्यात ज्यू असणे हा रक्ताचा दोष आणि मन आजारी असणे हाही रक्ताचा दोष. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारी व्यवस्था आजाराकडेही जन्माचे पाप म्हणूनच पाहते. मनुस्मृतीच्या छायेत वाढलेल्या समाजाला ही भाषा नवी नाही.

नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली, दुकाने फोडली गेली. शार्लोटच्या वडिलांना साक्सेनहाउसेनच्या छावणीत डांबण्यात आले. सावत्र आई पाउला लिंडबर्ग ही नावाजलेली गायिका. ज्यू असल्यामुळे तिला आता फक्त ज्यू प्रेक्षकांपुढेच गाता येत होते. तिने खटपट करून पतीला सोडवले. जानेवारी १९३९ मध्ये शार्लोटला दक्षिण फ्रान्समध्ये, नीस शहराजवळच्या व्हिलफ्रांश येथे आजी-आजोबांकडे पाठवण्यात आले. ऑटिली मूर नावाच्या अमेरिकन स्त्रीने त्यांना आपल्या घरात आसरा दिला होता.

तेथे युद्धाच्या धास्तीने आजीचे मन पार खचले. शार्लोटने तिची शुश्रूषा केली. तिला गाणी म्हणून दाखवली. जीव देण्यासाठी जे बळ लागते ते बळ आपली कहाणी सांगण्यासाठी लाव, अशी तिने आजीची विनवणी केली. पण मार्च १९४० मध्ये आजीनेही आत्महत्या केली. याच काळात आजोबांनी कसलीही दयामाया न दाखवता नातीला घरातील सारा इतिहास सांगून टाकला. आई, मावशी आणि बाकीचे. २२-२३ वर्षांच्या निर्वासित मुलीने हे एका दमात ऐकले. थोड्याच महिन्यांत फ्रान्सच्या सरकारने तिला आणि आजोबांना पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या ग्युर्सच्या छावणीत नेले. त्या उन्हाळ्यात तेथून दोघांची सुटका झाली, पण ती परतली तेव्हा तिचेही मन काठावर आले होते.

डॉक्टरांचा सल्ला

या ठिकाणी एका माणसाचे नाव आदराने घेतले पाहिजे. डॉ. जॉर्ज मोरिदिस. हे त्या गावातील डॉक्टर. त्यांनी शार्लोटला सल्ला दिला, तू चित्रे काढ. हा सल्ला दिसायला साधा आहे. पण तिला कोणी 'वेडी' म्हटले नाही, 'घराण्यातच आहे' म्हणून सोडून दिले नाही, 'इतरांना यापेक्षा जास्त दुःख आहे' असे सांगून गप्प केले नाही, हे महत्त्वाचे. तिच्या हातात जे होते तेच तिला परत दिले गेले.

मग तिने जवळच्याच साँ-झाँ-काप-फेरा येथे एका साध्या लॉजात खोली घेतली आणि कामाला बसली. काम करताना ती सतत गुणगुणत असे, अशी आठवण त्या लॉजच्या मालकिणीने पुढे सांगितली. कामाचे नाव तिने ठेवले 'जीवन? की नाटक?' दोन्ही शब्दांपुढे प्रश्नचिन्ह. रंग मुख्यतः तीनच: लाल, पिवळा, निळा. युद्धाचा काळ, साहित्याची टंचाई. याच तीन रंगांच्या मिश्रणातून तिने बर्लिनचे रस्ते, आईचा पलंग, अकादमीचा वर्ग, छावणीकडे जाणारी गाडी, समुद्र हे सारे उभे केले. चित्रांवर पातळ कागद लावून त्यावर संवाद लिहिले. कोणत्या चित्राला कोणती चाल मनात धरायची तेही लिहून ठेवले. म्हणजे चित्र, शब्द आणि गाणे एकत्र. आपल्या जलशाचा प्रेक्षक हे सहज समजू शकेल. वेदना नुसती सांगायची नाही, ती सुरात बांधून लोकांसमोर उभी करायची.

सत्तेचे अनेक चेहरे

ही चित्रे पाहताना पहिल्यांदा डोळ्यात भरते ती राजसत्ता. १९३३ च्या नाझी मिरवणुकीचे चित्र तिने काढले आहे. गर्दीतील माणसांना ओळख अशी नाही, सारे एकाच तपकिरी रंगाच्या लोंढ्यात मिसळलेले. आणि झेंड्यावरचे स्वस्तिक तिने उलटे रंगवले आहे. ज्या चिन्हासमोर सारा देश हात उंचावत होता, ते चिन्ह एका मुलीने आपल्या कागदावर फिरवून टाकले.

परंतु ती तेथे थांबत नाही, हे तिचे मोठेपण. तिच्या चित्रांत घरातील सत्ताही आहे. मुलीला खरे न सांगणारी वडीलधारी माणसे आहेत. सत्य सांगतानाही हुकूम सोडल्यासारखे सांगणारे आजोबा आहेत. ज्याच्यावर तिने जीव लावला तो गायनशिक्षकही आहे. तो तिला मोठे विचार देतो आणि तिच्या भावनांना मात्र सहज बाजूला सारतो. बाहेरच्या शत्रूविरुद्ध लढताना घरातील अन्याय झाकून ठेवायचा, हा नियम तिने पाळला नाही. आपल्या चळवळीतील स्त्रियांनीही आत्मकथनांतून हेच केले. जातीची चीड आणि घरातील मारहाण, दोन्ही त्यांनी एकाच पानावर लिहिली. त्यामुळे चळवळ कमजोर झाली नाही, उलट ती अधिक खरी झाली.

दुसरी गोष्ट अशी की शार्लोट स्वतःच्या दुःखाचे सोपे उत्तर देत नाही. मावशी १९१३ मध्ये गेली, आई १९२६ मध्ये. तेव्हा हिटलर सत्तेवर नव्हता. त्यामुळे सारा दोष नाझींवर टाकून तिला मोकळे होता येत नव्हते. 'रक्तातच आहे' म्हणून हात टेकायलाही ती तयार नव्हती, कारण आजी कशामुळे कोसळली हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. दुःख आतूनही आले होते, बाहेरूनही आले होते आणि दोन्ही एकमेकांना वाढवत होते. हे दोन्ही प्रवाह एकाच कागदावर दाखवणे हेच तिचे काम झाले.

शेवटच्या चित्रात एक मुलगी समुद्राकडे तोंड करून, आपल्याकडे पाठ करून बसली आहे. हातात कुंचला आहे. तिच्या पाठीवर त्या ग्रंथाचेच नाव लिहिलेले आहे. गुन्हेगार ठरवलेल्या समाजाच्या अंगावर दुसऱ्यांनी नाव डागण्याच्या त्या काळात, या मुलीने आपल्या अंगावर आपण निवडलेले शब्द लिहिले.

पुढे सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करताच जर्मन सैन्य नीस भागात घुसले. शार्लोटचे नुकतेच, त्या वर्षीच्या जूनमध्ये, अलेक्झांडर नागलर या निर्वासिताशी लग्न झाले होते. दोघांनाही पकडण्यात आले. ७ ऑक्टोबर १९४३ ला द्रांसीच्या छावणीतून गाडी सुटली आणि आउशवित्झला पोहोचताच तिला ठार करण्यात आले. ती गरोदर होती. पकडले जाण्यापूर्वी तिने आपले सारे काम डॉ. मोरिदिस यांच्या हवाली केले होते. हे माझे सारे आयुष्य आहे, जपून ठेवा, अशा अर्थाचे तिचे शब्द त्यांनी लक्षात ठेवले. डॉक्टरांनी तो ठेवा जपला आणि युद्धानंतर ऑटिली मूर यांच्याकडे सोपवला. त्यांनी तो हॉलंडमध्ये लपून वाचलेल्या आल्बर्ट आणि पाउला यांना दिला. १९६१ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये चित्रांचे पहिले प्रदर्शन झाले आणि १९७१ मध्ये ती तेथील ज्यू संग्रहालयाला देण्यात आली. ती आजही तेथे आहेत.

हे आपल्यासाठी कशासाठी?

बाबासाहेबांनी १९४० च्या दशकातील लेखनात नाझींचा ज्यूद्वेष आणि सनातन्यांची अस्पृश्यता यांच्यातील वैचारिक नाते जगासमोर मांडले होते. त्यामुळे शार्लोटची कहाणी आपल्याला परकी नाही. अर्थात आपले दुःख आणि त्यांचे दुःख एकच आहे, असे म्हणण्याचे कारण नाही. तेथे एक समाज काही वर्षांत संपवण्याचा कट होता. येथे एक समाज हजारो वर्षे जिवंत ठेवून, राबवून, अपमानित करण्याची व्यवस्था होती. पण ज्ञानाच्या दारातून आत आलेल्या विद्यार्थ्याचे मन कसे पोखरले जाते, हे मात्र दोन्हीकडे ओळखीचे आहे.

२००७ मध्ये प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीचा अहवाल दिला. वसतिगृहातही ही मुले वेगळी पाडली जात असल्याचे त्यात पुढे आले. त्यानंतर १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादमध्ये रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. १२ फेब्रुवारी २०२३ ला मुंबईच्या आयआयटीत दर्शन सोळंकी गेला. तिन्ही प्रकरणांचे तपशील वेगळे, चौकशा वेगळ्या, न्यायालयीन वाद वेगळे. पण प्रत्येक वेळी एकच जुना सूर कानी आला: मूल कमकुवत होते, अभ्यास झेपत नव्हता, घरची काहीतरी अडचण असेल. व्यवस्था आपला हात झाकण्यासाठी मनाच्या आजाराचा पडदा वापरते. त्यावर चिडून आपण काय करतो? आजार वगैरे काही नव्हताच, असे म्हणून तो विषयच बंद करतो. यात नुकसान जिवंत मुलांचे होते. रोहित आणि पायल यांच्या मातांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले ते जिवंत मुलांसाठीच.

गेलेल्या मुलांचे फोटो आपण मोर्चात धरतो, ते धरलेच पाहिजेत. पण जो मुलगा आज खोलीचे दार लावून बसला आहे, त्याचे आपण ऐकतो का? गावाकडून आलेला हा मुलगा. शिष्यवृत्ती वेळेवर नाही, मेसचे बिल थकलेले, इंग्रजी अडखळणारे, आडनाव विचारणारे मित्र. घरी फोन केला तर आई विचारते, निकाल कधी? भावकी विचारते, नोकरी कधी? आणि आपण त्याला सांगतो, बाबासाहेबांची लेकरे रडत नसतात!

हे कोणी सांगितले? 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात बाबासाहेबांनी १९१७ सालचा बडोद्याचा प्रसंग लिहिला आहे. काठ्या घेतलेले लोक त्यांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढायला आले होते. कोलंबियात शिकून आलेल्या त्या तरुणाला शहरात राहायला जागा नव्हती. अठरा वर्षांनंतर तो प्रसंग लिहिताना बाबासाहेब नमूद करतात की, आजही तो आठवला की डोळ्यांत अश्रू येतात. जगातील एका मोठ्या विद्वानाने आपले अश्रू कागदावर नोंदवून ठेवले, पुराव्यासारखे. मग आपल्या मुलांना अश्रूंची लाज का वाटावी? रडणे आणि लढणे यांत वैर नाही. जो आपली जखम पाहू शकतो तोच ती कोणी केली हेही सांगू शकतो.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. जयंतीनिमित्त आपण वक्तृत्व आणि निबंध स्पर्धा घेतो. चित्रकला स्पर्धा घेतली तर बहुधा बाबासाहेबांचे चित्र काढायला सांगतो. ते जरूर काढावे. पण त्यासोबत मुलांना 'माझी खोली', 'माझा पहिला दिवस', 'मला न सांगता आलेली गोष्ट' असेही विषय द्यावेत आणि जे येईल ते बक्षिसाच्या तागडीत न तोलता विहाराच्या भिंतीवर लावावे. आपल्या समाजात आता डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ, प्राध्यापक, परिचारिका आहेत. त्यांनी महिन्यातून एक दिवस वसतिगृहातील मुलांसाठी काढावा, नुसते भाषण न देता ऐकण्यासाठी. ज्यांना तातडीने बोलावेसे वाटते त्यांच्यासाठी शासनाची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. हा क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या फलकावर लागला पाहिजे. आणि आजारावर औषध लागत असेल तर ते घेण्यात कमीपणा नाही. मधुमेहाची गोळी घेताना आपण लाजत नाही.

चित्र काढल्याने सारे बरे होते, असा याचा अर्थ नाही. शार्लोटला नुसता कुंचला मिळाला नव्हता. तिच्यामागे सल्ला देणारे डॉक्टर होते, आसरा देणारी एक स्त्री होती, दार लावून काम करता येईल अशी एक खोली होती आणि काम जपणारे हात होते. एवढे मिळाले तेव्हा घराण्याचा शाप म्हणून जे तिच्या माथी मारले होते, त्यातून ती बाहेर आली. तिने स्वतःचे जीवन संपवले नाही. ते संपवले नाझींनी. हा फरक इतिहासात नोंदला गेला, कारण तिची साक्ष कोणीतरी सांभाळली.

आपल्या वस्त्यांत आणि वसतिगृहांत अशा कितीतरी साक्षी वहीच्या मागच्या पानावर, मोबाईलमध्ये, भिंतीवरच्या रेघोट्यांत पडून आहेत. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हा मंत्र देणाऱ्या महामानवाच्या अनुयायांनी संघटित होण्याचा हाही एक अर्थ लक्षात घ्यावा. मूल एकटे पडू नये, यासाठीही संघटना असते. ज्याच्याकडे कुंचला आहे त्याला खोली द्या, ज्याच्याकडे शब्द आहेत त्याला कान द्या, आणि त्याने जे सोपवले ते डॉ. मोरिदिस यांच्यासारखे जपा. आपली मुले हुतात्मा म्हणून भिंतीवर नकोत. ती चित्रकार, डॉक्टर, संशोधक म्हणून, म्हातारी होईपर्यंत, आपल्यात हवीत.